राहून गेलेली आवड : वाचकांचे प्रश्न

करिअर निवडलं आणि आवड मागे पडली, या विषयावरच्या पत्रांतून पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. ज्यांचे प्रश्न एकसारखे होते त्यांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : शाळेत असताना सात वर्षं व्हायोलिन शिकलो. इंजिनिअरिंगला गेल्यावर सुटलं ते सुटलंच. आता वय ४४. परवा पेटीतून काढून तारा पिळल्या तर एक तुटली. उरलेल्या तिन्हींवर वाजवलं ते स्वतःलाच ऐकवेना. इतक्या वर्षांनी पुन्हा सुरू करण्यात काही अर्थ आहे का?

अर्थ आहे. पण आधी तारा पिळणं थांबवा. वरच्या फळीवर इंग्रजी एफसारखी दोन छिद्रं असतात, त्यांतून टॉर्च मारून आत पाहा. घोडीचा (तारा जिच्यावरून जातात त्या उभ्या लाकडी पट्टीचा) बारीक तारेकडचा पाय जिथे टेकतो, त्याच्या किंचित मागे आत एक लाकडी काडी उभी दिसली पाहिजे. ती साउंडपोस्ट. ती चिकटवलेली नसते, दोन फळ्यांमधल्या दाबावर उभी असते. वर्षानुवर्षं तारा सैल राहिल्या की ती घसरते किंवा पडते. ती पडलेली असताना तारा ताणल्या तर वरची फळी खचते, कधी चिरते, आणि ती दुरुस्ती महागात जाते. काडी आडवी दिसली तर उरलेल्या तारा सैल करा आणि वाद्य सरळ कारागिराकडे न्या. घरी चिमट्याने उभी करायच्या भानगडीत पडू नका.

काडी जागेवर असेल तर घोडी बघा. तिची शेपटीकडची, म्हणजे खुंट्यांच्या उलट टोकाकडची, बाजू फळीशी काटकोनात हवी. तारा चढवताना घोडीचं डोकं हळूहळू खुंट्यांच्या दिशेने ओढलं जातं. ते दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मागे सरळ करत राहावं लागतं, नाहीतर घोडी वाकते आणि एक दिवस आडवी होते. कडेकडेने बोटाच्या पेराने टकटक करत जा. कुठे आवाज पोकळ किंवा खरखरीत आला तर तिथला सरस सुटलाय. तारा चारही बदला, जुन्या ठेवू नका, मात्र एका वेळी एकच काढा. चारही एकदम सोडल्या की घोडीवरचा दाब जातो आणि काडी पडते. कृत्रिम धाग्याच्या तारा पहिले तीन-चार दिवस उतरत राहतात. तो तुमच्या कानाचा दोष नव्हे.

गजाचे, म्हणजे तारांवर फिरवायच्या काठीचे, केस तुटून लोंबत असतील तर पेटीत किडीच्या अळ्या झाल्या असण्याची शक्यता मोठी. बंद, काळोख्या पेटीत त्या केस खातात. पेटीतली धूळ व्हॅक्यूमने ओढा, रिकामी पेटी उघडी करून उन्हात ठेवा (वाद्य नाही!) आणि गजाला नवे केस बसवून घ्या. केसांना लावायची जुनी राळ कोरडी पडून नुसती भुकटी होत असेल तर नवी घ्या. वाजवून झालं की गज सैल करायचा, हे विसरला असाल तर आता पुन्हा सवय लावा.

आता ‘ऐकवेना’ याबद्दल. वीस-पंचवीस वर्षांत तुम्ही ऐकत राहिलात, त्यामुळे कान पुढे गेला. हात मात्र सुटला तिथून मागे आला. या दोघांतलं अंतर पहिल्याच दिवशी समोर येतं आणि बहुतेक लोक तिथेच पेटी पुन्हा बंद करतात. त्यात भर म्हणून माणूस नेमकी शेवटी शिकलेली, सर्वांत अवघड चीज काढून बसतो. ती सहा आठवडे उघडू नका. शिकायला लागल्यावर दुसऱ्या वर्षी जे वाजवत होता, तिथून धरा.

पहिले पंधरा दिवस रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र किंवा ॲप) साठवर, म्हणजे मिनिटाला साठ ठोक्यांवर, लावायचा. पाच मिनिटं मोकळ्या तारा, डाव्या हाताचं बोट न ठेवता : एक गज आठ मात्रांचा, टोकापासून टोकापर्यंत, आवाज न फाटता. गज थरथरत असेल तर हाताचं वजन सोडण्याऐवजी तुम्ही तो दाबताय. पुढची पाच मिनिटं एका सप्तकाचे स्वर, एका स्वराला चार मात्रा. शेवटची पाच मिनिटं एक सोपी धून. तिसऱ्या आठवड्यापासून वीस मिनिटं, दुसऱ्या महिन्यात अर्धा तास, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई करायला जाऊ नका. परत आलेल्यांचे खांदे आणि मनगटं तिथेच जातात.

बोटांची टोकं तीन-चार आठवड्यांत निबर होतात, तोवर दुखणारच. पण डाव्या करंगळीत मुंग्या आल्या तर त्याच क्षणी थांबा. कोपर फार वेळ दुमडून राहिल्याने तिथली नस दाबली जाते. वाजवताना झालेली दुखणी दुसऱ्या दिवशी सकाळीही जाणवत असतील तर वेळ निम्मी करा, आठवडाभराने कमी झाली नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही : चाळिशीनंतरचा वाचायचा चष्मा मोबाइलच्या अंतरासाठी केलेला असतो, स्टँडवरची वही त्याहून लांब असते. मान पुढे काढून वाचत राहिलात की मानदुखीचं खापर व्हायोलिनवर फुटतं. स्टँडचं अंतर मोजून त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या.

प्रश्न : बँकेतली नोकरी मी स्वतः निवडली, कुणी जबरदस्ती केली नाही. तरी नृत्य सोडल्याची रुखरुख अलीकडे फार वाढली आहे. ही खरी खंत आहे की नोकरीचा कंटाळा, हे कसं ओळखायचं?

तीन आठवडे वही ठेवा. रुखरुख वाटली की तीनच नोंदी : वेळ काय, त्याआधीच्या तासाभरात काय घडलं, आणि नेमकं काय हवंसं वाटलं. त्याच वेळी लिहा, रात्री आठवून लिहिलेल्या नोंदी एकसारख्या होऊन जातात.

नोंदी रविवार संध्याकाळ, साहेबांशी खटका, महिनाअखेरीचं काम यांच्याभोवती जमल्या असतील तर दुखणं नोकरीचं आहे. मग उपायही बदली, विभाग, कामाचे तास इथेच शोधावा लागेल. नृत्य सुरू केलंत तरी तो खटका तसाच राहील. ओळखीच्या कुणाचा कार्यक्रम पाहिल्यावर रुखरुख वाढत असेल तर त्यात हेवाही आहे. हेवा वाईट नाही, माहिती म्हणून चांगला. एक कसोटी त्याहून भरवशाची : आठवडाभर सलग रजा घ्या. पहिले तीन दिवस धरू नका, ते झोप भरून काढण्यात जातात. चौथ्या दिवसानंतर, डोकं शांत असतानाही पाय हलायला लागले, तर खंत खरी.

मग तिसऱ्या रकान्याकडे या. ‘नृत्य’ एवढं लिहून चालणार नाही. अंग हलवण्याचा आनंद हवाय, की तालमीतली माणसं, की टाळ्या, की विशीतलं शरीर? पहिल्यासाठी आठवड्यातून दोनदा एकटीने पाऊण तास पुरतो. दुसऱ्यासाठी गट लागतो, घरी एकटीने कितीही केलं तरी भूक भागत नाही. टाळ्यांसाठी तारीख ठरलेला छोटा कार्यक्रम लागतो. चौथं परत मिळत नाही, आणि ते मागत राहिलं की पहिली तीनही बेचव होतात. बहुतेकांचं उत्तर पहिल्या दोनांत असतं आणि शोध मात्र तिसऱ्याचा चालू असतो.

एवढी जुनी गोष्ट आत्ताच का वर यावी, असाही प्रश्न पडला असेल. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९४-९५ मध्ये मांडलेलं निरीक्षण असं की केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप सुरुवातीला जास्त बोचतो, पण लांबच्या काळात न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. केलेल्या चुकीची आपण काहीतरी भरपाई करतो, स्वतःची समजूतही घालतो. न केलेल्याला शेवटच नसतो, त्यामुळे कल्पनेत ते वाढतच राहतं. त्या कल्पनेत कार्यक्रमच कार्यक्रम असतात, रोजचं रटाळ काम नसतं. म्हणून पूर्णवेळ नृत्य करणाऱ्या कुणाला तरी गाठा आणि मागच्या आठवड्याचं वेळापत्रक विचारा : प्रत्यक्ष रंगमंचावर किती तास, शिकवण्यात किती, प्रवासात किती, राहिलेलं मानधन मागण्यात किती.

प्रश्न : वय ३८, आयटीत आहे. फोटोग्राफी हीच खरी आवड. उरलेलं आयुष्य असंच घालवायचं नाही म्हणून राजीनामा द्यावा असं वाटतं. घाई होतेय का?

ते तुमच्या आकड्यांवर आहे. घरखर्च, कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते धरून बारा महिन्यांची रक्कम वेगळी ठेवलेली हवी, आणि त्यात कॅमेरा-लेन्सचा खर्च धरायचा नाही. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा आधी काढा. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, तो नोकरीत असतानाच सुरू झालेला बरा. दुसरा आकडा कमाईचा : सलग सहा महिने फोटोग्राफीतून खर्चाचा निदान तिसरा हिस्सा निघाला पाहिजे, आणि तोही नातलग-मित्र सोडून इतर गिऱ्हाइकांकडून. हे सुरू करण्याआधी नेमणूकपत्र वाचा. बाहेरचं सशुल्क काम करायला अनेक ठिकाणी लेखी परवानगी लागते.

आवडीचा व्यवसाय झाला की आवड बदलते, हेही धरून चाला. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलं तर बक्षीस, असं ज्यांना आधी सांगितलं होतं ती मुलं पुढे मोकळ्या वेळात स्वतःहून कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता बक्षीस मिळालं त्यांच्यात तसं झालं नाही. मोठ्या माणसाच्या धंद्याला हे जसंच्या तसं लागू नाही, पण रोख ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तुम्हाला पहाटेचे पक्षी टिपायचे असतील आणि पैसे मिळणार असतील ते सोहळ्यांचे किंवा जाहिरातीतल्या डबे-बाटल्यांचे. अशी तीन कामं आत्ताच, पैसे घेऊन, ठरल्या तारखेला पूर्ण करून द्या. फोटो निवडणं, रंगदुरुस्ती, ‘अजून थोडं उजळ करा’ हे चौथ्यांदा ऐकणं, सगळं त्यात आलं. तिसऱ्या कामानंतरही कॅमेरा उचलावासा वाटला तर पुढे बोलू.

अशा वेळी डॉ. श्रीराम लागूंचं नाव हमखास निघतं : कान-नाक-घशाचे डॉक्टर १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट झाले. सांगताना गाळलं जातं ते हे की त्याआधी वर्षानुवर्षं ते हौशी रंगभूमीवर काम करतच होते. दुसरी वाटही आहेच. डॉ. मोहन आगाशे यांनी मनोविकारशास्त्र आणि अभिनय ही दोन्ही कामं सांभाळली. बोरोदिन हा रशियन संगीतकार पेशाने रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचा ऑपेरा मात्र १८८७ मध्ये तो गेला तेव्हा अपुराच होता, रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांनी तो पुरा केला. दोन दगडांवर पाय ठेवण्याची किंमत अशीही असते.

राजीनामा आणि आहे तसं चालू ठेवणं यांच्या मध्ये बिनपगारी रजा आणि आठवड्यातून चार दिवस काम हेही पर्याय आहेत. त्यांच्यासाठी तोंडी विचारू नका. तारखांसकट लेखी प्रस्ताव द्या.

प्रश्न : मला गाणं सोडावं लागलं. मुलीला आवाज आहे, पण ती क्लासला जायला कुरकुर करते. सक्ती करावी का?

नाही. एक सत्र ठरवून घ्या, ते संपल्यावर निर्णय तिचा. दरम्यान स्वतःचा क्लास लावा, शक्यतो वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या वेळी. तिची कुरकुर गाण्याबद्दल आहे की तुमच्या अपेक्षेबद्दल, ते महिन्याभरात कळेल. तुमचा आवाज वयाप्रमाणे खाली उतरला असेल तर षड्ज अर्धा-एक स्वर खाली घ्या, जुन्या पट्टीचा हट्ट नको. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर घसा तपासून घ्या.

प्रश्न : नोकरी लागल्यावर तैलचित्रं सोडली. पंधरा वर्षांपूर्वीचे रंग, ब्रश तसेच आहेत. चालतील का? आणि रोज मिळतो तो जेमतेम अर्धा तास.

तैलरंगाची ट्यूब बंद आणि मऊ असेल तर रंग चालतो. तेल वर आलं असेल तर रंग काचेवर काढून सुरीने मिसळून घ्या. टोपण बसलं असेल तर ते दोन मिनिटं गरम पाण्यात धरा आणि पकडीने टोपणच फिरवा. ट्यूब पिळलीत तर ती मधोमध फाटते. जलरंगाच्या सुकलेल्या वड्या पाण्याने पुन्हा जिवंत होतात. ॲक्रिलिक सुकलं असेल तर टाकून द्या. दगड झालेले ब्रशही टाका, त्यांच्यावर दिवस घालवू नका.

अर्ध्या तासात तैलरंग बसत नाहीत, मांडामांड आणि ब्रश धुणं यातच वीस मिनिटं जातात. कामाच्या दिवशी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिल किंवा जलरंग, एकच वस्तू, एकच बैठक. तैलचित्र सुट्टीच्या दिवशी, आणि फळा भिंतीला टेकवलेला, नजरेसमोर राहू दे. कपाटात गेला की परत निघत नाही. खालचे थर पातळ, कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा क्रम मोडलात तर वरचा थर आधी सुकून पुढे तडे जातात. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निघते आणि त्या आपोआप पेट घेतात. एकेक चिंधी सुटी पसरून घराबाहेर वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.