वाचकांचे प्रश्न : एका गावावरून निष्कर्ष काढता येईल का?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असून सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. प्रबंधासाठी आमच्या गावात दिवाळी ते होळी या काळात चालण्याचे गट सुरू करायचे आणि घरोघरी तेल-मीठ कमी करण्याविषयी समजावून सांगायचे, असे ठरवले आहे. सुरुवातीच्या तपासणीत ज्यांची साखर जास्त आढळेल अशा दोनशे जणांची साखर व वजन शेवटी पुन्हा मोजेन. एवढ्यावरून उपक्रमाचा उपयोग झाला, असे म्हणता येईल का?

उत्तर : म्हणता येणार नाही, आणि तुमचे चार महिन्यांचे श्रम वाया जाऊ नयेत म्हणून हे आधीच स्पष्ट सांगतो.

तुम्ही निवडलेला काळच पाहा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात आणि होळी-पाडव्याशिवाय परतत नाहीत. म्हणजे सर्वांत जास्त अंगमेहनत करणारी माणसे तुमच्या मोजणीतून गळतील. जे मागे राहतील त्यांच्यामागेही तुरीची आणि ज्वारीची काढणी असतेच. तेव्हा त्यांचे वजन उतरले तर ते तुमच्या सल्ल्याने उतरले की काढणीच्या कामाने, हे कशावरून ठरवणार? शिवाय ज्यांची साखर पहिल्या दिवशी जास्त निघाली त्यांनाच निवडले, तर त्यातल्या काहींची दुसऱ्या मोजणीत काहीही न करता कमी येते, कारण पहिला आकडा त्या दिवसापुरताच चढलेला असतो.

यावर उपाय म्हणजे तुलनेची गावे घेणे. मात्र एकास एक गाव घेऊन भागत नाही. एका गावातली माणसे एकाच दुकानातून किराणा आणतात, एकाच पंगतीत जेवतात आणि एकमेकांचे पाहून चालायला लागतात किंवा सोडतात. त्यामुळे एका गावातले दोनशे जण हे दोनशे स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत. गावे वाढवा, प्रत्येक गावातली माणसे कमी करा आणि उपक्रम कोणत्या गावात करायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या अभ्यासात ६० मतदान क्षेत्रांमधून १,००७ माणसे घेतली होती, म्हणजे एका क्षेत्रातून साधारण सतराच. तुमच्याकडे साठ गावे नसतील; पण शेजारच्या उपकेंद्रांतील सहकाऱ्यांना सोबत घेतले, तर दहा-बारा गावे अशक्य नाहीत. ती निवडताना आठवडी बाजार पाहा. दोन गावांची माणसे एकाच बाजारात भेटत असतील, तर तुमचा सल्ला त्या बाजारातून तुलनेच्या गावातही पोहोचेल.

त्याच केरळच्या अभ्यासात दोन वर्षांनी मधुमेह होण्याच्या प्रमाणातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, आणि संशोधकांनी तसे स्पष्ट लिहिले. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जीवनशैलीतील बदलाने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला खरा, पण त्यातील माणसे आधीच साखर वाढू लागलेली होती आणि पाठपुरावा सुमारे तीन वर्षांचा होता. चार महिन्यांत मधुमेह टळला की नाही हे कळत नाही. तुम्ही माणसांचे चालणे, त्यांचा आहार आणि कमरेचा घेर यांत काय बदल होतो तेवढेच पाहा आणि त्यातले मुख्य मोजमाप कोणते, हे आधीच लिहून ठेवा.

माझ्या अनुभवाने खरी परीक्षा मोजण्यातच असते. एका घरी मी रोज तेल किती लागते असे विचारले, तेव्हा मावशींनी ‘दोन चमचे’ असे सांगितले. चमचा दाखवा म्हटल्यावर त्यांनी फोडणीची पळी आणून दाखवली. तेव्हापासून मी पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो आणि घरात जेवणारे किती, हे विचारतो. व्यायामाचेही तसेच. ‘व्यायाम करता का?’ असे विचारले, तर दिवसभर कापूस वेचून डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन परतलेली बाईसुद्धा ‘नाही’ म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली काम, ये-जा आणि फावला वेळ असे तीन भाग वेगळे विचारते. तीच घ्या, पण प्रश्न ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केले?’ असा सुरू करा. अशा बाईला पहाटे चालायला बोलावणे मला योग्य वाटत नाही. तिच्यासाठी ठेच्यातले आणि लोणच्यातले मीठ हा विषय जवळचा आहे; दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही मर्यादा तिला तिच्याच घरातल्या चमच्याने दाखवता येते. चालण्याच्या गटांची गरज दुकानदार, शिक्षक, ट्रॅक्टर आल्यापासून बसून राहू लागलेले शेतकरी यांना अधिक आहे.

संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या, आणि पहिली व्यक्ती अभ्यासात येण्यापूर्वी भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत नोंद करा. तुलनेच्या गावांना अभ्यास संपल्यावर हाच उपक्रम मिळेल, असे ग्रामपंचायतीला लेखी कळवा. त्या गावांतही ज्यांची साखर जास्त निघेल त्यांना त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावेच लागेल.