‘दोन खण दुकान’ म्हणजे नेमकं केवढं?

प्रश्न असा आहे: जुन्या खरेदीखतात ‘पाचखणी माळवदी घर, पैकी कोपऱ्याकडील दोन खण दुकान’ असं लिहिलंय. माळवदी म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. इथे खण म्हणजे खोली समजायची का?

नाही. खण म्हणजे लगतच्या दोन तुळयांमधलं अंतर. देशावरच्या लाकूडकामाच्या घरात समोरासमोर दोन खांब उभे करून त्यांवर आडवी तुळई टाकतात. अशा दोन तुळया शेजारी आल्या की मधे एक खण तयार होतो. खणात भिंत असेलच असं नाही. तीनखणी सोपा (घराचा पुढचा, ओटीसारखा भाग) सलग मोकळा असतो, आणि एकाच खणात कुडाची भिंत घालून दोन कोठड्याही निघतात. त्यामुळे पाचखणी घरात पाच खोल्या शोधू नका.

मोजताना हमखास चूक होते ती खांब मोजण्याची. एका ओळीत सहा खांब असतील तर खण पाच. त्यातही टोकाचे खांब बऱ्याचदा भिंतीत बुजलेले असतात, म्हणून वर बघून तुळया मोजाव्यात. टोकाच्या भिंतीवरच कड्या (तुळयांवर टाकलेली आडवी लाकडं) टेकवल्या असतील तर ती भिंतही तुळईच्या जागी धरायची.

एक खण साधारण पाच ते सहा फुटांचा. याचं कारण डोक्यावर आहे. तुळईवरून तुळईवर कड्या जातात, कड्यांवर किलचण (लाकडाच्या चिपांचा थर) आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्यात ही माती भिजली की वजन आणखी वाढतं. कडी लांब ठेवली तर मधे झोल येतो, झोलात पाणी साचतं आणि माळवद तिथेच गळतं. सागवान मिळालं तर खण थोडा ऐसपैस; बाभळीच्या वाकड्या, आखूड कड्यांवर भागवायचं असेल तर आवळलेला. म्हणून खण हे गजासारखं पक्कं माप नाही. शिवाय तो फक्त रुंदी सांगतो. खोली, म्हणजे समोरून मागेपर्यंतचं अंतर, तुळईच्या लांबीवर ठरते. साडेपाच फुटी दोन खण आणि दहा फुटी तुळई धरली, तर दुकान ११ फूट बाय १० फूट, म्हणजे ११० चौरस फूट.

कोपऱ्यावरच्या दुकानात आणखी एक घोळ असतो. कोपऱ्याचा खण दोन्ही रस्त्यांना उघडा असतो, म्हणून काहीजण तो दोनदा मोजतात. तो एकच. कोपऱ्याचा खांब मात्र नीट पाहा: तो इतरांपेक्षा जाड लागतो आणि त्याचं दगडी उथाळंही (खांबाखालची बैठक) उंच हवं, नाहीतर दोन्ही बाजूंच्या शिंतोड्यांनी बुडखा कुजतो. बुडखा खचला की तुळई कलते आणि त्याची पहिली तक्रार दुकानाच्या फळ्या करतात. या फळ्या वरच्या खोल खाचेत सारून खालच्या उथळ खाचेत सोडायच्या असतात. वरचं लाकूड खाली आलं की फळीला उचलायला जागाच राहत नाही. नऊ इंची सहा-सात फळ्यांत एक खण बंद होतो. फळ्यांवर सुताराने ओळीने खुणा कोरलेल्या असल्या तर त्या रंगकामात बुजवू नका, अदलाबदल झाली की शेवटची फळी बसत नाही.

शब्दाचं म्हणाल तर खण हा ‘खंड’वरून आलेला, म्हणजे तुकडा किंवा भाग. चोळीचा खण, टेबलाचा खण आणि घराचा खण ही एकाच घरची भावंडं. ओव्यांतली सातखणी माडी तेवढी वेगळी. तिथे खण म्हणजे मजला. तिखणी, चौखणी ही रूपं चालतात. त्याच चालीवर ‘दुखणी घर’ लिहायला व्याकरणाची हरकत नसावी, पण वाचणारा वैद्य शोधेल, ‘दोनखणी’च बरं.

नवा दस्त करताना ‘दोन खण’ हे शब्द ठेवा, कारण जुन्या कागदाशी मेळ त्यांनीच लागतो. त्यापुढे रुंदी आणि खोली फुटांत लिहा, आणि माप भिंतीच्या आतून घेतलंय की बाहेरून तेही. मातीची भिंत दीड-दोन फूट जाड असते. दोन बाजूंनी मिळून तीन-चार फुटांचा फरक पडतो.