आईचा हेल

*मावशी, मी २३ वर्षांची, एडिसन, न्यू जर्सीत वाढलेली. एका छोट्या नाटक कंपनीत मला मोटेल चालवणाऱ्या भारतीय बाईचं काम मिळालंय. ऑडिशनला दिग्दर्शक म्हणाले, ‘अजून इंडियन कर.’ मी आईसारखं इंग्रजी बोलले. सगळे खूप हसले आणि मला काम मिळालं. आता आईबाबांनी पहिल्या प्रयोगाची तिकिटं काढलीत. मला झोप येत नाही. काम सोडू का?*

पोरी,

तू आईची टवाळी करायला उभी राहिली नव्हतीस. चार मिनिटांत समोरच्यांना पटवायचं होतं, म्हणून सगळ्यात ओळखीचं जे होतं ते तू उचललंस. नट हेच करतात. झोप उडाली ती लोक कशाला हसले हे तुला कळलं म्हणून. ती बाई कोण, हे त्यांना माहीतच नव्हतं. ते नुसत्या ‘ट’ आणि ‘ड’ला हसले.

तू यात एकटी नाहीस. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराला १९९० पासून हँक अझारिया या गोऱ्या नटाचा आवाज होता. विनोदकार हरी कोंडाबोलूने २०१७ मध्ये त्यावर माहितीपट काढला आणि २०२० मध्ये अझारियाने तो आवाज देणं थांबवलं. मध्ये तीस वर्षं गेली! काल पेन या भारतीय वंशाच्या अमेरिकन नटाने २०१७ मध्ये आपल्या जुन्या ऑडिशनची पानं ट्विटरवर टाकली, त्यांतही हाच हेल मागितलेला होता.

तरी हेलच नको म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. मग तुझ्या आईसारख्या बायकांनी रंगमंचावर यायचंच नाही का? हिंदी मालिकेतली मोलकरीण मराठी हेल काढते तेव्हा आपल्याला लागतं, आणि दाक्षिणात्य माणसाच्या हिंदीला मात्र आपण वर्षानुवर्षं हसत आलो. दोन्हीकडे दुखणं एकच: माणूस काढून घेतला आणि हेल तेवढा ठेवला.

म्हणून आधी त्या बाईला माणूस कर. अमेरिकेतली कितीतरी मोटेलं गुजराती कुटुंबांनी उभी केली. काउंटरमागच्या खोलीत संसार, मुलांचा गृहपाठ रिसेप्शनवर, चादरी बदलायला घरातलेच हात. तुझी बाई कुठली आहे? गुजराती असेल तर तिचा हेल तुझ्या आईचा नाहीच. दिवसभर उभी राहून तिचे पाय दुखतात का? रात्री दोनला दार वाजलं की तिला भीती वाटते का? हे ठरव, मग तिला बोलू दे.

मग दिग्दर्शकांकडे दहा मिनिटं माग. सगळ्यांसमोर नको, तालमीआधी. म्हण, ‘हा प्रवेश मला दोन प्रकारे करून दाखवायचाय.’ एकदा त्यांच्या मनातला, एकदा तुझा. हसू येऊ दे, पण ते बाईच्या हुशारीला येऊ दे. ओळीच हिणकस असतील तर लेखकाशी बोलायची परवानगी माग.

ऐकतील याची खात्री मी देत नाही. १९९० मध्ये ‘मिस सायगॉन’ हे लंडनचं संगीत नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर येणार होतं, तेव्हा त्यातलं युरेशियन, म्हणजे युरोपीय-आशियाई मिश्र वंशाचं, पात्र जोनाथन प्राइस या गोऱ्या ब्रिटिश नटाला देण्याविरुद्ध नट बी. डी. वाँग आणि नाटककार डेव्हिड हेन्री ह्वांग यांनी नटांच्या युनियनकडे दाद मागितली. युनियनने आधी परवानगी नाकारली, निर्मात्याने प्रयोगच रद्द केला, तेव्हा युनियन मागे हटली. काम प्राइसनेच केलं, वर टोनी पुरस्कारही मिळवला. पण आशियाई दिसण्यासाठी लंडनमध्ये त्याने डोळ्यांना लावलेला नकली साज ब्रॉडवेवर आला नाही. आणि २०१७ मध्ये तेच नाटक ब्रॉडवेवर परतलं, तेव्हा त्या भूमिकेत जॉन जॉन ब्रियोनेस हा फिलिपिनो वंशाचा नट होता.

तुझ्या दिग्दर्शकांनी साफ नकार दिला, तर माझं मत सोडावं असं आहे. पण भाडं भरायचं म्हणून तू थांबलीस, तरी मी तुला दोष देणार नाही.

आईला मात्र प्रयोगाआधी सांग. प्रेक्षागृहात बसून, इतरांच्या हसण्यातून तिला हे कळायला नको. फोनवर नको, रविवारी घरी जा. ऑडिशनला काय केलंस ते न लपवता सांग. ती गप्प होईल कदाचित. होऊ दे, तू उठून जाऊ नकोस. मग तिला विचार, या देशात पहिल्यांदा तिच्या इंग्रजीला कोण हसलं होतं आणि तिने काय केलं. संहिता बरोबर ने. तिची तयारी असेल तर त्या बाईच्या ओळी तिला वाचायला दे आणि तू फक्त ऐक.

तुझी,
मावशी