मूत्राशयाचा कर्करोग आणि पीएच.डी.चा विषय

तुम्ही लिहिले आहे की, एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असताना ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर (पेशीला वाढीचा संदेश देणारी, पेशीवरची प्रथिने) आणि मूत्राशयाच्या कर्करोगाची वाढ या विषयावर पीएच.डी. करण्याची तुमची इच्छा आहे, परंतु एवढ्या मर्यादित विषयाच्या जोरावर पुढे नोकरी मिळणार नाही, अशी घरच्यांना धास्ती आहे.

माझ्या मते हा विषय मर्यादित नाही. मूत्राशयाच्या अस्तरापुरत्या राहणाऱ्या, सौम्य दर्जाच्या गाठींपैकी बहुतांश गाठींत एफजीएफआर३ या रिसेप्टरच्या जनुकात बदल आढळतो, तर स्नायूत शिरलेल्या गाठींत तो त्या मानाने बराच कमी दिसतो. म्हणजे वाढीचा संदेश सतत चालू ठेवणारा बदल असलेल्या या गाठी पुन:पुन्हा उद्भवतात, पण क्वचितच खोलवर जातात. उलट ईजीएफआर या दुसऱ्या रिसेप्टरचे वाढलेले प्रमाण पुढच्या टप्प्यांतील रोगात अधिक दिसते. शिवाय एफजीएफआर३ आणि रॅस या जनुकांतील बदल एकाच गाठीत सहसा एकत्र सापडत नाहीत, कारण दोन्ही बदल बऱ्याच अंशी एकच संदेशमार्ग चालू करतात. एफजीएफआर३ बदललेल्या गाठी खोलवर का जात नाहीत, हा प्रश्न एका प्रबंधाला पुरून उरेल. (मूत्राशयाच्या कर्करोगातील टी२४ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतच रॅस जनुकातील डीएनएच्या एका अक्षराचा बदल १९८२ मध्ये उलगडला होता, हेही वाचून ठेवा.)

नोकरीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. एफजीएफआर रिसेप्टर रोखणाऱ्या एर्डाफिटिनिब या मूत्राशयाच्या कर्करोगावरील औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ते देण्यापूर्वी गाठीतील एफजीएफआर जनुकांची तपासणी करावी लागते. अशी तपासणी करणाऱ्या मॉलिक्युलर डायग्नॉस्टिक प्रयोगशाळांना आणि औषध कंपन्यांना रिसेप्टर समजणारी माणसे लागतात.

मात्र मूत्राशयाचाच हट्ट धरू नका. खारघरचे अॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र) किंवा पुण्याचे एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) येथे अर्ज करताना पेशीतील संदेशवहनावर चांगले काम करणारा मार्गदर्शक शोधा. तो स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगावर काम करत असला, तरी शिकायची तंत्रे बहुतेक तीच आहेत. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये व नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो, हे आईवडिलांना जरूर सांगा. पण पदवी हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात, हेही लपवू नका.

त्याआधी जमल्यास वर्षभर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करा. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या (रंगाने ऊतीतील प्रथिन दाखवणाऱ्या तपासणीच्या) स्लाइडवर पेशीच्या कडेने उमटलेला तपकिरी रंग किती गडद आहे आणि त्याला एक गुण द्यावा की तीन, हे पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसूनच कळते. संध्याकाळी आर ही संगणकभाषा शिका आणि टीसीजीए या कर्करोगांच्या जनुकांची नोंद करणाऱ्या अमेरिकी प्रकल्पातील स्नायूत शिरलेल्या ४१२ गाठींची खुली माहिती उघडून त्यांपैकी किती गाठींत एफजीएफआर३ बदललेले आहे, ते स्वतः मोजून त्याचा आलेख काढा. मार्गदर्शकाला पाठवायच्या ईमेलमध्ये गुणपत्रिकेसोबत हा आलेख जोडा.