डाएट आणि जिम सुरू करून तीन आठवडे झाले, वजन आधी उतरलं आणि आता परत चढतंय, माझं काय चुकतंय?

काही चुकत नाहीये हो. तुम्ही जे आकडे दिलेत त्यावरून तर अजिबातच नाही. सुरुवात ७४.२, पहिल्या आठवड्यात ७२.६, मग मधे खालीवर, आणि तिसऱ्या रविवारी मावशीकडे जेवून आलात तर सोमवारी सकाळी ७३.९. भात बंद, साखर बंद, आठवड्यातून चार दिवस जिम, आणि वर नवरा म्हणतो वर्षाची फी फुकट गेली. (नवऱ्याला काट्याच्या आसपास फिरकू देऊ नका, हा माझा पहिला सल्ला, बाकीचे नंतर.)

आता जरा हिशोब करू. ७२.६ चे ७३.९ म्हणजे १.३ किलो वाढ. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, म्हणजे १.३ किलो खरी चरबी अंगावर चढायला साधारण १०,००० कॅलरी जास्तीच्या लागणार, जास्तीच्या म्हणजे तुमचं रोजचं पोटभर जेवण सोडून वर. एक वडापाव ३०० कॅलरीचा धरला तर तेहतीस वडापाव. मावशीचा आग्रह कितीही जबरदस्त असला तरी हे शक्य नाही ना? मग ते १.३ किलो काय होतं तर पाणी, मीठ, आणि पोटात अजून पचत असलेलं जेवण. मटणाचा रस्सा, पापड, लोणचं, बऱ्याच दिवसांनी दोन वाट्या भात, वर गुलाबजाम. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, दोन-तीन दिवसांत ते आपोआप सुटतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि आपल्याकडे भाजी आमटी पोळी सगळ्यातच मीठ असतं त्यामुळे पापड लोणचं फरसाण पानात आलं की तो चमचा कधीच ओलांडलेला असतो.

उलट बाजूनेही हेच. पहिल्या आठवड्यात जे १.६ किलो गेलं ना, ज्याने तुम्ही हरखून गेलात, तेही बरंचसं पाणीच होतं. वाईट वाटेल पण खरं आहे. आपल्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, मोठ्या माणसात सगळा मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं. भात-साखर एकदम बंद केलं की हा साठा उतरतो आणि त्याच्यासोबत पाणीही जातं, काटा झरझर खाली. परत भात खाल्लात की साठा भरतो, पाणी परत येतं, काटा वर. यात चरबीचा काही संबंधच नाही. म्हणून ते '७ दिवसांत ३ किलो' वाले जे असतात ते खोटं बोलत नसतात, काट्यावर तीन किलो खरंच कमी दिसतं कधीकधी, फक्त काय कमी झालं ते सांगत नाहीत.

विनेश फोगाट आठवतेय ना, २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक? ५० किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून फायनलला गेली, त्या सकाळी वजनात बसली होती, आणि मधे जे थोडं खाल्लं-प्यायली त्याने त्याच संध्याकाळी वजन मर्यादेच्या सुमारे २.७ किलो वर गेलं. मग रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले, आणि तरी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. अख्खा देश हळहळला. पण आता या नजरेने बघा, जगातल्या सर्वात फिट बायकांपैकी एक, डॉक्टर-डाएटिशियनची फौज सोबत, आणि एका दिवसात अडीच-पावणेतीन किलो इकडचं तिकडे. ती काय दुपारपासून संध्याकाळपर्यंत जाडी झाली होती का? मग तुमचं माझं किलोभर हललं तर एवढं काय.

आता जिमचं. तुम्ही लिहिलंय की स्क्वॉट्स केल्यावर दोन दिवस जिना उतरता येत नव्हता आणि नेमकं तेव्हाच वजन वाढलेलं दिसलं. बरोबरच आहे. नवीन व्यायाम केला की स्नायूंत बारीक इजा होतात, त्या भरून यायला तिथे सूज येते, सूज म्हणजे पाणीच. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, पाण्याचा फुगवटाही साधारण तेव्हाच. शिवाय व्यायामाला सरावलेले स्नायू ग्लायकोजेन जास्त साठवायला लागतात, म्हणजे परत पाणी. ट्रेनर म्हणाला असेल 'मॅडम फॅटचं मसल होतंय'. असं काही होत नसतं, चरबीचा स्नायू होत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तीन आठवड्यांत बाईमाणसाच्या अंगावर किलोभर स्नायू चढणं तर फारच अवघड. त्याला वाईट नका वाटू देऊ, त्याचा हेतू चांगला असतो.

आणि एक गोष्ट जी प्रश्नात तुम्ही लिहिलीच नाहीये, पाळीची तारीख. पाळीच्या आधीच्या आठवड्यात कितीतरी बायकांना किलोभर, काहींना दोन किलोपर्यंत पाणी धरतं, अंगठी घट्ट होते, ब्लाउज टोचतो, आणि पाळी सुरू झाली की चार दिवसांत उतरतं. त्यामुळे या महिन्याच्या दहा तारखेची तुलना त्याच महिन्याच्या तीन तारखेशी करून उपयोग नाही, मागच्या चक्राच्या त्याच दिवसाशी करायची. जिमवाले हे कोणी सांगत नाहीत कारण ते बहुतेक पुरुष असतात आणि त्यांना विचारायची लाज वाटते.

मी स्वतः काय करते सांगते. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, त्यात दुधाचे खाडे आणि गॅस कधी लावला ते लिहायची सवय होतीच, तर त्याच चौकोनात खाली बारीक पेन्सिलने वजन लिहिते. शेजारी एक अक्षर, 'पा' म्हणजे पाळी, 'बा' म्हणजे बाहेर जेवण, 'प्र' म्हणजे प्रवास, 'दु' म्हणजे व्यायामाने अंग दुखतंय. भाचीच्या लग्नाचा आठवडा काढून बघितला तर शुक्रवारी ६८.३, मग हळद-सीमंतपूजन आणि लग्न अशी दोन खाडाखोड झालेली रिकामी घरं (तेव्हा कोण काट्यावर चढतंय), सोमवारी ७०.१, मंगळवारी ६९.६, गुरुवारी ६८.५. मधे काहीही विशेष केलं नाही, उपास नाही, डबल जिम नाही, नेहमीची पोळी-भाजी-वरण खाल्लं आणि ऑफिसला गेले. असे दोन-तीन महिने डोळ्यासमोर असले की मग सोमवारचा आकडा बघून पोटात गोळा येत नाही, आपलं आपल्यालाच कळतं की हा 'बा' आहे.

वजन करायचं तर सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत. चहाच्या आधी हे महत्त्वाचं, कारण एक लिटर पाणी प्यायलात की काट्यावर बरोब्बर एक किलो वाढतं, विश्वास नसेल तर करून बघा. काटा सपाट फरशीवर ठेवा, चटईवर किंवा फरशीच्या सांध्यावर नको, आणि रोज त्याच जागी. आमचा काटा बाथरूमबाहेर एक आकडा दाखवतो आणि बेडरूममधे वेगळाच, म्हणून तो जागेवरून हलवायला घरात बंदी आहे. घरचा काटा, जिमचा काटा आणि दवाखान्यातला काटा यांची तुलना तर करूच नका. मग सात दिवसांचे आकडे मिळवून सातने भागा, तो त्या आठवड्याचा आकडा. आठवड्याची सरासरी आधीच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघायची, बाकी रोजचं फक्त लिहायचं आणि विसरायचं. ज्यांना रोज बघून खरंच त्रास होतो, दिवस खराब जातो, जेवण सोडावंसं वाटतं, त्यांनी रोज बघूच नये, महिन्यातून एकदा बघा, काही बिघडत नाही.

सरासरी का ते पण सांगते. तुम्ही रोज ५०० कॅलरी कमी खाताय असं धरू, ही चांगली ठीकठाक कपात आहे. त्याने दिवसाला चरबी किती जाणार, साधारण ६५ ग्रॅम. आठवड्याला साडेचारशे. म्हणजे खरी घट ६५ ग्रॅमची आणि पाण्याचं वरखाली एक-एक किलोचं, आता या गोंधळात एका दिवसात ते ६५ ग्रॅम दिसणार तरी कसे? घरचे बरेचसे काटे तर १०० ग्रॅमच्या टप्प्यानेच आकडा दाखवतात.

ते चरबी टक्केवारी दाखवणारे स्मार्ट काटे पण फार मनावर घेऊ नका, ते पायातून बारीकसा करंट सोडून अंदाज बांधतात आणि अंगात पाणी किती आहे त्यावर तो अंदाज बदलतो, म्हणजे परत पाणीच. त्यापेक्षा शिंप्याकडची मापाची टेप घ्या. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता, दोन आठवड्यांतून एकदा. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० च्या वर कंबर गेली की डॉक्टर लोक सावध करतात, कारण भारतीयांत पोटावरची चरबी आणि डायबेटिसचं नातं घट्ट आहे. काटा हटून बसलेला असताना टेप दोन सेंटिमीटर कमी दाखवते असं कितीदा तरी होतं. तुम्ही टेपचं काहीच लिहिलं नाहीये म्हणून सांगतेय, आजच मोजून ठेवा नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार.

आता समजा पाच-सहा आठवडे झाले, सरासरी पण हलत नाही, टेप पण हलत नाही, तर मग मात्र ते पाणी नाही, तर खाणं तपासा. आपल्या घरात दोन जागा ठरलेल्या, तेल आणि शेंगदाणे. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि फोडणीला आपण चमचा मोजत नाही, किटलीच वाकडी करतो. कोशिंबिरीत कूट, भाजीत कूट, संध्याकाळी भूक लागली म्हणून मूठभर दाणे, ती एक मूठ १७० च्या आसपास. आणि उपास! एकादशीला साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याची वडी, आणि म्हणायचं मी आज काही खाल्लं नाही. एकादशी दुप्पट खाशी उगाच म्हणत नाहीत. सोमवार ते शुक्रवार सॅलड आणि शनिवार-रविवार सुटी असलं की पाच दिवसांची कपात दोन दिवसांत भरून निघते, हेही बघा. हे सगळं ठीक असूनही हलत नसेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या, पीसीओडी असेल तर डॉक्टरांना सांगा, काही औषधांनी, विशेषतः स्टिरॉइडने वजन वाढतं तेही विचारा. आणि पायाला सूज, चालताना धाप, दोन-तीन दिवसांत वजन भराभर वर असं असेल तर त्याचा डाएटशी संबंध लावत बसू नका, लगेच दाखवा.

भात बंद केलाय तो मात्र परत सुरू करा असं माझं मत. एक वाटी भात, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, दही, भाजी भरपूर. आयुष्यभर भात खाल्लेल्या माणसाने तो पूर्ण तोडला की मावशीकडे गेल्यावर जे होतं तेच होतं, दोन वाट्यांवर थांबतच नाही. कोणी दोनदाच जेवून बारीक होतं, कोणी सहादा खाऊन, शेजारच्या काकूंचं काय चाललंय ते बघून दर आठवड्याला पद्धत बदलू नका एवढंच, कारण प्रत्येक बदलाला पाणी परत वरखाली होणार आणि तुम्हाला वाटणार नवीन पद्धत चालली किंवा फसली.

घाम काढणाऱ्या त्या प्लॅस्टिक जॅकेटचं विचारलंय, नका घेऊ. जो घाम जातो तो दोन ग्लास पाणी प्यायलं की परत येतो, उन्हाळ्यात चक्कर येऊन पडाल ते वेगळंच. आणि प्रोटीन पावडरचं म्हणाल तर आधी दोन अंडी किंवा वाटीभर मोड आलेली मटकी आणि दह्याची वाटी रोज नियमित होऊ दे, ते होत नसेल तर पावडरचा डबाही महिनाभरात माळ्यावर जातो. तुमची पाळीची तारीख आणि कंबरेचं माप कमेंटमधे टाकलंत (टाकायचं असेल तरच) तर पुढच्या महिन्यात परत बघू, तोवर जिम चालू ठेवा.