उत्तर: साडेचार सेंमीची सिस्ट आणि वाढलेलं सीए १२५

ओव्हरीत (अंडाशयात) साडेचार सेंमीची हेमरेजिक सिस्ट, सीए १२५ (कॅन्सरची शंका बघायला करतात ती रक्ततपासणी) आलंय ६८, डॉक्टर म्हणतात दीड-दोन महिने थांबू आणि सासूबाई म्हणतात काढूनच टाक. तुमचा हा प्रश्न वाचला आणि राहवेना. डॉक्टर नाहीये मी, फक्त यातून गेलेय.

थांबा म्हणतायत ना, मग थांबा. हेमरेजिक म्हणजे पाळीच्या चक्रात होणाऱ्या सिस्टमध्ये रक्त साचलेलं असतं, बहुतेक वेळा आपोआप जिरतं. परतची सोनोग्राफी पाळी संपल्या संपल्या करा. आणि हो, गोळ्यांनी आहे ती सिस्ट विरघळत नाही, कोणी काहीही सांगो.

माझी चॉकलेट सिस्ट होती (एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयासारखं अस्तर बाहेर वाढतं तेव्हा, ओव्हरीत होणारी जुन्या रक्ताची गाठ), ती अशी जिरत नाही, पण खरा ताप दिला तो रक्त तपासणाऱ्या सेंटरने. पॅकेजमध्ये सीए १२५ घुसवलेलं, रक्त घेतलं तेव्हा पाळी चालू आहे का हे कोणी विचारलं नाही, आकडा ३५ च्या वर गेला म्हणून काउंटरवरच्या मुलाने फोन करून सांगितलं, "कॅन्सर मार्कर वाढलाय, लगेच ऑन्कोसर्जनला दाखवा." फोन कोणाला, तर माझ्या नवऱ्याला! घरात सुतक आल्यासारखं झालं, सीटी स्कॅनचे पैसे गेले, नातेवाईक तर दोन्ही ओव्हऱ्या काढा म्हणेपर्यंत पोचले. शेवटी एका गायनॅकने पहिला प्रश्न पाळीचाच विचारला. पाळी, एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ), प्रेग्नन्सी, सगळ्यात वाढतो हो हा आकडा. पाळी कायमची गेलेल्या बाईची गोष्ट वेगळी, तिथे डोळेझाक नको. सेंटरकडे तक्रार केली तर म्हणे, "मॅडम, रिपोर्ट बरोबरच आहे." आकडा बरोबर होता हो, तोंड कुणी चालवायला सांगितलं होतं?

पुढेमागे ऑपरेशन ठरलंच तर फक्त सिस्ट काढणार की ओव्हरीसकट, हे सही करायच्या आधी स्पष्ट विचारा. चॉकलेट सिस्ट निघाली आणि मूल हवं असेल तर आधी एएमएच (ओव्हरीत साधारण किती बीजं उरलीत ते सांगणारी रक्ततपासणी) करा, कारण सिस्टबरोबर थोडी चांगली ओव्हरीही जाते. माझं स्पष्ट मत, सासूबाईंना कन्सल्टिंगला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं. पण एका बाजूला अचानक जीवघेणं दुखून उलट्या झाल्या तर ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठायची. पॉलिसी नवीन असेल तर वेटिंग पिरियड आजच वाचा, बऱ्याच कंपन्या सिस्टला पहिली दोन वर्षं कव्हर देत नाहीत.