वाचकांचे प्रश्न : उत्तराची चौकट कशी आखावी, कधी काढावी?

प्रश्न : मी परळ भागातील मराठी माध्यमाच्या एका शाळेत नववी-दहावीला इतिहास आणि भूगोल शिकवते. तोंडी विचारले की मुले भरभरून सांगतात, पण तेच लिहायला सांगितले की उत्तर तीन ओळींत संपते. मुलांना लेखनचौकट, म्हणजे रिकाम्या जागा ठेवलेला उत्तराचा आराखडा, दिल्याने फरक पडतो, असे एका प्रशिक्षणात ऐकले. ती नेमकी कशी तयार करावी?
– एक शिक्षिका, परळ

उत्तर : आपल्या मुलांना माहिती आहे, हे आपणच पत्रात नोंदवले आहे. त्यांची अडचण वेगळी आहे. बोलताना समोरचा माणूस ‘मग पुढे?’, ‘पण असे का?’ असे विचारत राहतो आणि त्या विचारण्यामुळे उत्तर वाढत जाते. कागदासमोर बसल्यावर हे विचारणारे कोणी नसते, आणि आठवेल ते एकाखाली एक उतरवले की मुलाला आपले उत्तर पूर्ण झाले असे वाटते. श्रोत्याचे हे प्रश्न कागदावर मांडून ठेवते तीच चांगली चौकट. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात मॉरीन लुईस आणि डेव्हिड रे यांनी १९९० च्या दशकात लेखनचौकटींवर जे काम केले, त्यात वाक्यांच्या सुरुवाती, जोडणारे शब्द आणि मांडणीचा क्रम शिक्षकाने पुरवावा व आशय विद्यार्थ्याने भरावा, अशी विभागणी होती. आपल्याकडे मुद्द्यांवरून कथालेखन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तोही अशाच आधाराचा एक प्रकार आहे. मात्र त्यात घटनांचा क्रम मिळतो, एका घटनेचा दुसरीशी असलेला संबंध मुलाला स्वतः शोधावा लागतो. इतिहासाच्या उत्तरात मुले नेमकी तिथेच अडखळतात.

आपल्या शाळेच्या परिसरातलेच उदाहरण घेऊ. ‘मुंबईत कापडगिरण्यांची वाढ का झाली?’ या प्रश्नाला साधारणपणे असे उत्तर येते : ‘मुंबईत बंदर होते. रेल्वे आली. कोकणातून कामगार आले. हवा दमट होती. म्हणून गिरण्या वाढल्या.’ यातले प्रत्येक विधान खरे आहे, आणि तरीही हे स्पष्टीकरण नाही, कारण कोणत्या गोष्टीमुळे काय शक्य झाले हे कुठेच सांगितलेले नाही. या उत्तरासाठी मी पुढील चौकट देईन :

‘कापडगिरण्या वाढण्यामागे एकाहून अधिक कारणे होती. … असल्यामुळे … शक्य झाले. मात्र केवळ … असून भागले नसते. त्यासाठी … आवश्यक होते. या कारणांपैकी … हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ….’

आता ही चौकट मुलाला काय करायला लावते ते पाहावे. ‘हवा दमट होती’ एवढे लिहून त्याची सुटका होत नाही. हवा दमट असल्यामुळे सूत कमी तुटे आणि कताई सोपी होई, इथपर्यंत त्याला जावे लागते. ‘रेल्वे आली’ या वाक्याचेही तसेच आहे. १८५३ मध्ये गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावली आणि कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये गिरणीची स्थापना केली, ही सनावळी मुलांना पाठ असते. परंतु ठाण्याहून कापूस येत नव्हता. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, तेव्हा घाटावरचा कापूस रेल्वेने बंदराकडे येऊ लागला. ‘रेल्वेमुळे नेमके काय शक्य झाले?’ ही रिकामी जागा भरताना मुलाला हा तपशील पुस्तकात शोधावा लागतो. शेवटच्या वाक्यात त्याला स्वतःचा निवाडा द्यावा लागतो. ते वाक्य चौकटीतून कधीही वगळू नये, असा माझा आग्रह आहे.

चौकट छापून थेट वाटण्याची घाई मात्र नको. १९८० च्या दशकात सिडनीतील भाषातज्ज्ञांनी लेखन शिकवण्याची जी पद्धत विकसित केली, तिच्यात आधी एक तयार नमुना सर्वांनी मिळून उलगडायचा, मग शिक्षक व वर्ग यांनी फळ्यावर एकत्र लिहायचे आणि त्यानंतरच विद्यार्थ्याने एकट्याने लिहायचे, असा क्रम आहे. यातला मधला टप्पा आपल्या वर्गांत हटकून गाळला जातो. एखादा तास पूर्णपणे त्याला द्यावा. मुलांनी सुचवलेले वाक्य फळ्यावर लिहावे, ते का पटत नाही ते त्यांनाच विचारावे, खोडावे आणि पुन्हा लिहावे. आपली मुले बोलण्यात तरबेज आहेत, त्यामुळे या तासाला आपल्याला विशेष कष्ट पडणार नाहीत.

भूगोलातील ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नासाठी वेगळी चौकट लागते, पण ती फार सोपी आहे. खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक लिहिताना मुले डावीकडे ‘खारे वारे दिवसा वाहतात’ आणि त्यासमोर उजवीकडे ‘मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात’ असे लिहितात. दोन्ही विधाने बरोबर असतात, तुलना मात्र होत नाही. तक्त्याच्या सुरुवातीला ‘मुद्दा’ नावाचा आणखी एक रकाना आखून द्यावा आणि त्यात वेळ, दिशा, कारण असे शब्द मुलांनाच भरू द्यावेत.

प्रश्न : मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी हा विषय शिकवतो. इंग्रजीच्या शिक्षिका वापरतात त्या वाक्यारंभांच्या पट्ट्या मी मराठीत करून वर्गात लावल्या. मुले ‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांनी वाक्ये सुरू करतात, परंतु पुढचे वाक्य कोलमडते. असे का होते?
– एक शिक्षक, गोरेगाव

उत्तर : महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक झाल्यापासून हा प्रश्न अनेक वर्गांत उभा राहिला असणार, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इंग्रजीत दोन विचारांमधला संबंध बहुधा वाक्याच्या किंवा उपवाक्याच्या तोंडाशीच सांगितला जातो, त्यामुळे तिथे सुरुवातीचे शब्द दिले की अर्धे काम होते. मराठीत तो संबंध पुष्कळदा पहिल्या भागाच्या शेवटी येतो : ‘पाऊस पडत असल्यामुळे’, ‘पाऊस पडत असला तरी’, ‘पाऊस पडत असूनही’, ‘पाऊस पडला असता तर’. क्रियापदही शेवटी असते. म्हणजे वाक्याचा अर्थ जिथे वळतो ती जागा आपल्या पट्टीवर आलेलीच नाही. ज्या मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही, त्यांना तर नेमकी हीच जागा अवघड जाते, आणि तिथेच आपण त्यांना एकटे सोडतो.

यावर उपाय असा, की चौकटीत आरंभ न देता दोन्ही भागांचे शेवट द्यावेत : ‘… असल्यामुळे … होते’, ‘… असले तरी … होत नाही’. विज्ञानातील ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रकारातले परिचयाचे विधान घ्या : पावसाळ्यात मीठ ओलसर होते. ‘मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो. हा पदार्थ हवेतील बाष्प शोषून घेत असल्यामुळे आणि पावसाळ्यात मुंबईच्या हवेत बाष्पाचे प्रमाण जास्त असल्यामुळे मिठाला पाणी सुटते.’ दोनदा आलेल्या ‘असल्यामुळे’वर हे उत्तर उभे आहे. मुलांकडून अशी वाक्ये आधी मोठ्याने बोलून घ्यावीत. कानाला वळण लागले की हात त्यामागून जातो, आणि लिंग-वचनाच्या चुका तेव्हाच जागेवर दुरुस्त करता येतात. भिंतीवरच्या जुन्या पट्ट्या काढून टाकण्याचे कारण नाही. त्या प्रत्येक पट्टीवर वाक्याचे शेपूटही लिहून टाकावे.

प्रश्न : माझी मुलगी दहावीला आहे. शिकवणीत तिला निबंधाचा साचा पाठ करायला दिला आहे : सुविचाराने सुरुवात, ठरलेली तीन वाक्ये, एक कवितेची ओळ, ठरलेला समारोप. गुण बरे मिळतात, पण हे लेखन तिचे वाटत नाही. माझी शंका चुकीची आहे का?
– एक पालक, मुलुंड

उत्तर : आपली शंका रास्त आहे. चौकट आणि पाठ केलेले उत्तर यांतला फरक ओळखण्यासाठी घरीच एक परीक्षा करून पाहावी. मुलीने स्वतः लिहिलेले शब्द झाकावेत आणि उरलेला भाग वाचावा. उरलेला भाग एकट्यानेच निबंधासारखा वाचता येत असेल, तर तिच्यासाठी काही शिल्लकच ठेवलेले नाही. तो अर्धवट आणि अडखळता वाटत असेल, तर ती खरी चौकट आहे.

शिकवणीशी वाद न घालताही आपल्याला पुष्कळ करता येईल. आत्मकथन लिहायचे असेल, तर साच्याऐवजी तिला प्रश्न द्यावेत. समजा विषय ‘रेल्वे फलाटावरील बाकाचे मनोगत’ असा आहे. सकाळच्या गर्दीत या बाकावर कोण बसते, आणि बसायला जागा असूनही कोण उभे राहते? शेवटची गाडी गेल्यावर त्याला काय दिसते? त्याला एकच तक्रार करायची मुभा दिली, तर ती कोणती असेल? या प्रश्नांची उत्तरे तिने आधी आपल्याला सांगावीत आणि मग लिहावीत. सुविचार पाठ असायला हरकत नाही. तो या बाकाच्या तोंडी शोभतो का, एवढे तिने ठरवावे.

प्रश्न : मी रात्रशाळेत शिकवतो. विद्यार्थी दिवसभर काम करून येतात, तास थोडे असतात, म्हणून मी प्रत्येक उत्तराला चौकट देतो. आता ते चौकटीवाचून लिहीतच नाहीत. परीक्षेत तर ती नसणार.
– एक शिक्षक, लोअर परळ

उत्तर : डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ च्या आपल्या शोधनिबंधात शिकवताना दिल्या जाणाऱ्या आधाराला, इमारत बांधताना उभारून नंतर उतरवतात त्या परांचीची उपमा दिली. तीन ते पाच वर्षांची मुले लाकडी ठोकळे जोडून मनोरा रचत असताना शिकवणारी व्यक्ती मदत कशी करते, हे त्यांनी पाहिले होते. मूल चुकले की मदत वाढायची, जमू लागले की कमी व्हायची. अशी कमी-जास्त न होणारी मदत पुढे अडचणीची ठरते. ज्याला एखादी गोष्ट येऊ लागली आहे, त्याला नवशिक्यासाठीचे मार्गदर्शन देत राहिल्यास त्याचे शिकणे मंदावू शकते, असे स्लावा कल्युगा, जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडले आहे. म्हणून चौकट आखतानाच ती कशी उतरवायची हे ठरवावे.

आपल्या वर्गासाठी मी असा क्रम सुचवेन. पहिली काही उत्तरे पूर्ण चौकटीवर लिहून घ्यावीत. मग वाक्ये काढून टाकावीत आणि ‘असल्यामुळे’, ‘मात्र’, ‘उदाहरणार्थ’ असे जोडशब्द तेवढे फळ्यावर ठेवावेत. त्यानंतर तेही पुसून फक्त प्रश्न ठेवावेत : काय घडले, कशामुळे, त्याला पुरावा काय? सर्वांत शेवटी विद्यार्थ्याला कोरा कागद आणि परीक्षेतला प्रश्न द्यावा, आणि उत्तर लिहिण्याआधी चौकट त्यालाच आखायला सांगावी. यासाठी प्रश्नातले क्रियापद वाचायची सवय लागते. ‘टीप लिहा’, ‘सकारण स्पष्ट करा’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ या तीन सूचना तीन वेगवेगळ्या चौकटी मागतात, हे ज्याला दिसू लागले, त्याला परीक्षेत आपली गरज उरत नाही. कच्च्या कामाच्या जागेत चार शब्दांची आखणी करायला फारसा वेळ लागत नाही, आणि परीक्षेत तेवढा वेळ प्रत्येकाकडे असतो.

सगळा वर्ग एकदम पुढच्या पायरीवर न्यायची गरज नाही. आपले विद्यार्थी कामाला जाणारे, संसार सांभाळणारे आहेत. चौकट हवी की नको, हे त्यांना विचारावे. फळ्याच्या एका कडेला ती लिहून ठेवावी आणि ज्याला लागेल त्याने तिच्याकडे पाहावे. महिनाभराने तिकडे पाहणारे कोण उरले आहेत यावर नजर ठेवावी आणि दिवसाच्या शेवटच्या तासिकेत त्यांच्या शेजारी बसून एखादे उत्तर त्यांच्यासोबत लिहावे.